गावकीने दुरुस्त केलेली कादंबरी

मी लेखक नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. तसा आमच्या वाडीच्या गावकीचा लेखी ठराव आहे, त्यावर बावीस घरांच्या सह्या आणि अंगठे आहेत, आणि खाली मुंबई मंडळाचा गोल जांभळा शिक्का आहे. तरीही मी हे लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही (आबा तर दुसरीच्या अलीकडेच थांबले), त्यामुळे लिहायची परवानगी कुठल्या कचेरीत मिळते हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. मी ती न घेताच एक कादंबरी लिहिली. पुढचं सगळं त्यातून झालं.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाट चढायच्या आधी खाली उतरलं की लागते. घरं बावीस. प्रत्येक घरातला एखाद-दुसरा पुरुष मुंबईत नोकरीला. वाडीचा कारभार गावकी चालवते, म्हणजे सगळ्या घरांची बैठक. आणि गावकीचा कारभार मुंबईतल्या आमच्याच माणसांचं मंडळ चालवतं. देवळाला रंग कुठला द्यायचा इथपासून कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही इथपर्यंत सगळं तिथे ठरतं. एकट्या माणसाला आमच्याकडे मत नसतं. मत घराला असतं, आणि तेही बैठकीत.

हे न मानणारी एकच व्यक्ती आमच्या वाडीत निघाली. ती दुर्दैवाने आमची निघाली. भागीआत्या, आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, म्हणून माहेरी परतली आणि आमच्या शेजारच्या खोपटात राहू लागली. तिच्या नाचणीच्या तुकड्याचा बांध काशिरामतात्यांच्या तुकड्याला लागून होता. बांध कुणाचा, असा वाद झाला. गावकीने तो तात्यांचा ठरवला. (तात्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी होते. हा योगायोग.) आत्याने डोक्यावर पदर घेतला, चालत महाडला गेली आणि कोर्टात अर्ज देऊन आली. गावकीने न्याय केल्यावर कोर्टात जाणं याच्याइतका मोठा गुन्हा आमच्याकडे दुसरा नाही. आत्याला वाळीत टाकलं. सात वर्षं.

तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तिच्याशी बोलेल तोही वाळीत, असा नियम होता, त्यामुळे सख्खा भाऊ शेजारी राहून बोलत नव्हता. आत्या वाटेत दिसली की समोरच्या फणसाकडे बघायचं, हे मी अक्षरओळख व्हायच्या आधी शिकलो. त्या फणसाची प्रत्येक फांदी मला पाठ आहे.

पण आत्या गप्प बसणारी नव्हती. सकाळी वाडीतल्या शेळ्या डोंगरावर जाताना तिच्या पडवीसमोरून जायच्या. माणसांशी बोलायची बंदी होती. शेळ्यांबद्दल गावकीने काही ठरवलं नव्हतं. आत्या एकेकीला शिंगाला धरून थांबवायची.

"काळे, तुझ्या घरच्या सुनेला सांग, पोराच्या अंगावर गोवर हाय. गार पाणी लावू नको म्हणावं."

सून कुडापलीकडे उभी असायची. ऐकायची. पोराला गार पाणी लावायची नाही. पोर बरं व्हायचं.

"पाटलीणबाई, तुझ्या मालकाच्या छपराचा वासा किडलाय. पाऊस लागायच्या आधी बदलायला सांग."

मालक वासा बदलायचा, आणि आपल्यालाच हे सुचलं असं सांगायचा. सात वर्षं अख्खी वाडी आत्याच्या सल्ल्याने चालली, आणि तिच्याशी एक शब्द कुणी बोललं नाही. आमच्या चांदी नावाच्या शेळीला ती सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवायची. आजी वारली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने चांदीला सांगितलं, "तुझ्या मालकाला इचार, आईचं तोंड बघू दिलं नाय, तर झोप लागली काय रे तुला?" आबा गोठ्यात शेण काढत होते. त्या दिवशी ते जरा जास्तच वेळ काढत राहिले. एकाच बैलाचं एवढं शेण कुठून आलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सात वर्षांनी कुणीतरी तोडगा काढला, आत्याने अर्ज मागे घेतला, नारळ ठेवला आणि तिला परत गावात घेतलं. गाव तिच्याशी बोलायला लागलं. ती मात्र गावाशी बोलायला लागली नाही. शेळ्यांशीच बोलत राहिली.

ही माझी कादंबरी. पहिल्या वर्षाला महाडच्या कॉलेजात असताना मी ती बिरवाडीच्या खोलीत लिहिली. खोलीत आम्ही चौघं. बाकीचे तिघं कारखान्यात तीन वेगवेगळ्या शिफ्टला, आणि खाटा दोन. ज्या वेळी खाट रिकामी असेल त्या वेळी प्रतिभा आली तर ठीक, नाहीतर ती दारात उभी राहायची. दोनशे ऐंशी पानं झाली. ती मी भीत भीत आमच्या मराठीच्या सरांना दिली. आठवड्याने सरांनी वर्गाबाहेर बोलावलं.

"दिनकर, हे तू लिहिलंस?"

"हो सर. चुकलं का?"

"चुकलं कसलं. शेवटी शेवटी मला चष्मा पुसावा लागला."

मी म्हटलं, "सॉरी सर." (मी खरंच म्हटलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.)

सरांनीच कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवली. प्रकाशकांनी ती अकरा महिने वाचली. एवढ्या काळात मी स्वतः लिहून, खाडाखोड करून, पक्की प्रत करून परीक्षाही देऊन मोकळा झालो होतो. शेवटी प्रतीसकट उत्तर आलं. कादंबरी पसंत होती! छापायचीही होती. फक्त शेवटी एक ओळ होती. कादंबरीतील माणसे हयात असावीत असे वाटते, पूर्वी अशाच एका पुस्तकावरून आमच्यावर दावा झाला होता, तरी संबंधितांची हरकत नसल्याचे लेखी मिळाल्यास बरे.

लेखी मिळाल्यास बरे. पुण्यात बसून लिहायला ही ओळ सोपी आहे.

इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. मला आत्याकडे जाऊन तिचा अंगठा घ्यायचा होता. कादंबरी तिच्यावर होती, संबंधित तीच होती. बाकीच्यांची मी नावं बदलली होती. पण मी आधी आबांना विचारलं.

आबा म्हणाले, "अंगठा? एकट्या भागीचा?"

"हो. तिची हरकत नाही एवढंच."

"एकट्या माणसाचा कागद चालतो काय रे कुठं? कागद म्हंजे गावकीचा. शिमग्याला सगळे मुंबयवाले येतील, तवा ठेवू."

मला वाटलं, आबा म्हणतात ते बरोबर असेल. रेशनकार्डापासून लाइटच्या खांबापर्यंत सगळे कागद गावकीच्याच शिक्क्याने पुढे गेलेले मी पाहिले होते. कादंबरी हाही कागदच. तेव्हा मी जगातला असा एकमेव लेखक असेन, ज्याने वाळीत टाकण्यावरची कादंबरी वाळीत टाकणाऱ्यांकडे मंजुरीला नेली.

शिमग्याच्या पालखीनंतर देवळासमोर, पालखी टेकवतात त्या सहाणेभोवती बैठक बसली. मधोमध तात्या. तात्या मुंबईत एका हापिसात शिपाई होते. वाडीत उतरले की ते हापिसच त्यांच्याबरोबर उतरायचं.

"विषय नंबर चार," तात्या म्हणाले, "आबांच्या दिनूची कादंबरी. टोटल पानं दोनशे ऐंशी. वाचल्याबिगर मंजुरी देता येनार नाय. वाच रे."

आणि मी वाचली. उभ्याने. सकाळी न्याहारी झाल्यापासून दुपारपर्यंत, असं तीन दिवस. पुण्याच्या प्रकाशकांना ज्याला अकरा महिने लागले, ते आमच्या गावकीने तीन दिवसांत केलं. एकही ओळ गाळू दिली नाही. निसर्गवर्णन आलं की मागून आवाज यायचा, "हां, ही आपली वरची बाजू." नायिकेच्या मनातले विचार आले की बायका म्हणायच्या, "व्हय बाई, असंच असतं." पहिल्या दिवशी दुपारी तर मला वाटलं, साहित्य म्हणजे हेच. दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या सुरू झाल्या.

पहिला हात ज्ञानूमामांनी वर केला. "माझा बैल मेलेला दाखिवलास. तो जित्ता हाय. तिकडं बांधलाय, बघ."

"मामा, तो तुमचा बैल नाही. काल्पनिक आहे."

"तांबडा, एक शिंग मोडलेला, आनी काल्पनिक?"

बैल जिवंत करण्यात आला. मग सखूबाईने विचारलं, "घरं बावीस हायत. तू एकोणीस घेतलीस. आमच्या घरानं तुझं काय वाकडं केलंय?" तिन्ही घरं घेण्यात आली. मग त्यातून मोठा प्रश्न निघाला. घरं घ्यायची तर कुठल्या क्रमाने? शिमग्यात पालखी घरोघरी जाते ती मानाच्या क्रमाने. पहिला मान कुणाचा, दुसरा कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे आणि त्यावरून डोकी फुटलेली आहेत. कादंबरीत मात्र मी कुणालाही कुठेही आणलं होतं. एका शेवटच्या मानाच्या घरातला माणूस तर चक्क पहिल्या पानावर खोकत होता.

"पयल्या पानावर?" तात्यांचा चुलतभाऊ उभाच राहिला. "पयला मान आमचा हाय."

"अहो, तो नुसता खोकतोय."

"आमी खोकू."

सर्वानुमते ठरलं की प्रकरणं मानाच्या क्रमाने यावीत. एका घराला एक प्रकरण. विधवेच्या खोपटाला मान नसतो, त्यामुळे आत्या सगळ्यांच्या शेवटी. नायिका दोनशे एकेचाळिसाव्या पानावर पहिल्यांदा आली.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी स्वतः घसा साफ केला. "ह्याच्यात तो दाजी म्हनून जो हरामखोर हाय, तो कोन?"

"कुणी नाही, तात्या. माझ्या मनातला माणूस आहे."

"तुझ्या मनातल्या मानसाला डाव्या हाताला सहा बोटं हायत काय?"

अख्ख्या बैठकीने तात्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तात्यांनी तो सावकाश खिशात घातला. मी घाईघाईने म्हटलं, एक बोट कमी करतो. तात्या म्हणाले, बोट राहू दे, हरामखोरपना कमी कर. त्याप्रमाणे दाजीने पुढच्या प्रतीत स्वखर्चाने पाणवठा बांधला. सहा बोटांनी.

तरी मी हसत होतो. (मला वाटत होतं, नंतर पुण्याला मूळ प्रतच पाठवू, यांना काय कळणार.) तेवढ्यात तात्या मुद्द्यावर आले.

"आता मेन पॉइंट. गावानं बाईला टाकली, असं हितं लिवलंय. हे भाईर छापून जानार. कलेक्टर वाचनार. पोलीस वाचनार. गावाची इज्जत काय राहिली?"

"पण तात्या, ते झालं होतं."

"काय झालं होतं? कोन बोलत नव्हतं एवढंच ना? का बोलत नव्हतं, ते तुला काय म्हाईत? तू शेंबडा होतास." तात्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "भागीला त्या टायमाला ऐकू कमी येत होतं. लोक बोलून बोलून दमले. काय रे?"

कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे त्याला एकमत म्हणतात.

आत्या सहाणेच्या टोकाला, उन्हात बसली होती. चांदी तिच्या पायाशी. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही उठेल, महाडला गेली होती तशी उठेल. ती उठली. चांदीच्या गळ्यातली दोरी सोडली आणि म्हणाली, "चल गो बाय. आपल्याला ऐकू येत नाय." आणि गेली.

माझ्या हातात दोनशे ऐंशी पानं होती. मी म्हणायला हवं होतं की हे मी लिहिणार नाही. मी तोंड उघडलंही. तात्या अगदी मायेने म्हणाले, "दिनू, तुझ्या भनीचं लगीन वैशाखात हाय ना? मांडव कोन घालनार, पानी कोन भरनार, जेवायला कोन बसनार?"

मी आबांकडे बघितलं. आबा देवळाच्या पायरीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "लिही बाबा. कागदच हाय."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच खाटेवर, शिफ्टच्या मधल्या वेळात मी आत्याला बहिरी केलं. बहिणीचं लग्न छान झालं. बावीस घरं जेवली. आत्या आली होती. सगळे तिच्याशी मोठ्याने बोलत होते.

नवी प्रत आणि ठराव मंडळाने परस्पर पुण्याला पाठवले, रजिस्टर पोस्टाने, म्हणजे माझ्या मनातली ती हुशारीही गेली. ठरावाची नक्कल मला मिळाली. 'सदर कादंबरी गावकीने ऐकून, दुरुस्त करून, मंजूर केली आहे. सदर गोष्ट समस्त ग्रामस्थांची असून चि. दिनकर याने ती फक्त कागदावर उतरवून घेतली आहे, सबब तो तिचा लेखक नाही.' हे शेवटचं वाक्य कशासाठी, म्हणून मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "तुझ्याच शेफ्टीसाठी. उद्या काय लफडं झालं तर तुझं नाव नको."

प्रकाशकांनी या खेपेला उशीर केला नाही. पंधरा दिवसांत प्रत परत आली. सोबत पत्र. 'पहिल्या प्रतीत हरकत घेण्याजोगी माणसे होती आणि कादंबरीही होती. दुसऱ्या प्रतीत दोन्ही नाहीत.' मूळ प्रत छापा असं सरांनी कळवून पाहिलं. उत्तर आलं, जरूर, तेवढं त्या प्रतीसाठी ग्रामस्थांचं पत्र पाठवा.

सर मला म्हणाले, "दिनकर, लेखकाला असे अनुभव येतातच."

मी म्हटलं, "सर, मी लेखक नाही," आणि त्यांना नक्कल दाखवली. सरांनी ती दोनदा वाचली आणि पुन्हा चष्मा पुसला. या वेळी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तिसऱ्या वर्षाला असताना पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर एक सिनेमावाले उतरले. खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलेले, एका दिग्दर्शकाचे सहायक. (त्यांचं नाव मी इथे देत नाही, त्यांनीही माझं कुठे दिलं नाही.) घाटात चित्रीकरणाची जागा बघायला आले होते. वाडीजवळ त्यांना एक म्हातारी शेळीला दम देताना दिसली, आणि ही काय भानगड म्हणून चौकशी करत ते माझ्यापर्यंत पोचले. हॉटेलात भज्यांची बशी मध्ये ठेवून मी त्यांना अख्खी गोष्ट सांगितली. मूळ गोष्ट. आजीच्या मरणापाशी आलो तेव्हा त्यांच्या हातातलं भजं तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"मिरची लागली का?" मी विचारलं.

"काय बोलताय तुम्ही? हा पिक्चर आहे. हा पिक्चर मी करणार. शब्द देतो."

आयुष्यात मला कुणी 'अहो-जाहो' करण्याची ती पहिली वेळ. मी ट्रंकेतली मूळ प्रत त्यांना दिली. ते म्हणाले, करार वगैरे नंतर, आधी एकदा वाडी नीट बघून येतो. मी त्यांना वाट सांगितली. वाटेत तात्या राहतात हे सांगायचं राहिलं. तात्यांचं मुंबईतलं हापिस त्या वर्षी बंद पडलं होतं आणि ते कायमचे वाडीत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा सहाणेपाशी सतरंजी अंथरलेली होती, पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या आणि तात्या ठरावाचा कागद घडी घालून परत पिशवीत ठेवत होते.

"दिनकर, ये," सिनेमावाले म्हणाले. एका रात्रीत माझं 'अहो' गेलं होतं. "अरे, तू सांगितलं नाहीस, गोष्टीचा मालक गाव आहे. शिक्का आहे, सह्या आहेत. टेक्निकली तू यात कुठेच येत नाहीस."

"पण मी लिहिलीय."

"उतरवून घेतलीस," तात्या समजुतीने म्हणाले. "तसं कागदावर हाय."

करार मंडळाशी झाला. बदल्यात देवळाच्या सभामंडपावर पत्रे, आणि तात्यांना पडद्यावर एक छोटं काम: पाणवठा बांधणारा पुढारी. कथाही मंडळाचीच घेतली, दुरुस्त केलेली, कारण शिक्का तिला होता. त्यात बहिरी बाई होतीच. ती आता वीस वर्षांची झाली आणि तिला दोन गाणी मिळाली.

"बहिरी मुलगी गाणं कसं म्हणते?" मी विचारलं.

"स्वप्नात," सिनेमावाले म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. "तुलाही काम आहे रे. चाळीस शेळ्या लागतील. जमवशील?"

मी जमवल्या. लाज वाटते, पण खरं ते सांगतो: मला वाटलं, निदान जवळ तरी राहू. बावीस घरांतून मी चाळीस शेळ्या गोळा केल्या, मानाचा क्रम न बघता, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. चित्रीकरण चार दिवस चाललं. नटी गोड होती, पण शेळ्या तिच्यासमोर थांबेनात. तिने शिंग धरलं की शेळी तिला घेऊन उतारावर पळायची. दोनदा नटी, एकदा तिचा छत्रीवाला, एकदा मी. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक हातातला कर्णा आपटून म्हणाले, "या जनावरांना ऐकवणारं कुणी आहे का इथे?"

अख्ख्या वाडीने आत्याच्या घराकडे पाहिलं. तिला बोलावून आणलं, कॅमेऱ्यामागे दगडावर बसवलं आणि सांगितलं, काहीही बोल. आत्याने पदर सावरला आणि बोलायला लागली. एकोणचाळीस शेळ्या जागच्या जागी थांबल्या, माना वळवून ऐकत राहिल्या. ती काय बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही. मी उताराच्या तळाशी, पळालेल्या चाळिसावीला धरून उभा होतो. वर आबा होते, छत्रीवाल्याच्या जागी छत्री धरून. ते खाली आले तेव्हा त्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी मंडळी गेली. सभामंडपावर पत्रे आले, निळे. सिनेमा मात्र आला नाही. मी बी.ए. झालो, एम.ए.ला बाहेरून नाव घातलं, बिरवाडीतल्या त्याच खाटेवर राहिलो. दर शुक्रवारी कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर पेपर उघडून सिनेमांच्या जाहिराती बघायचो. टपरीवाला शेवटी म्हणाला, "मास्तर, एवढी हौस हाय तर एखादा बघत का नाय?"

असंच वर्ष गेलं. मग एका दुपारी दारात आबा उभे. आबा बिरवाडीला कधीच आले नव्हते. आणि डोक्याचा पूर्ण चमनगोटा. कोण गेलं? पहिलं आत्याचंच नाव मनात आलं. मग दिसलं की मिशी जागेवर आहे, तेव्हा जरा धीर आला.

"आबा, हे डोकं?"

"सांगतो. पानी दे." पाणी पिऊन ते खाटेच्या कडेवर टेकले. पलीकडच्या खाटेवर दुसऱ्या शिफ्टचा जोडीदार घोरत होता, म्हणून हळू आवाजात म्हणाले, "आली रे. टीव्हीवर आली."

"काय?"

"तुझी गोष्ट. पोलादपुरात न्हाव्याकडं दाढीला बसलेलो. बातम्या चालू. मधीच आपला डोंगर आला. आपल्या शेळ्या. मी म्हनलं, थांब जरा, वस्तारा काढ. ती पोरगी उभी हाय पुढं, पन आवाज आपल्या भागीचा."

"सिनेमा लागला होता?"

"नाय रे. मग एक पुडी आली. शेळ्यांच्या ताकदीच्या पावडरीची. तिची जायरात हाय ती."

इकडे यायच्या आधी त्यांनी वाडीत तात्यांना विचारलं होतं. तात्यांना सगळं ठाऊक होतं. सिनेमा अर्ध्यावरच बंद पडला, पैसे लावणाऱ्याने झालेलं चित्रीकरण तुकड्या-तुकड्याने विकून टाकलं, आणि शेळ्यांचा तुकडा त्या पावडरवाल्यांनी घेतला. बाकीचं कुणी घेतलं नाही. तात्यांचा पाणवठाही नाही.

"आणि डोक्याचं काय?"

"परत लागंल म्हनून बसून राहिलो. न्हावी काय नुसता बसू देतो? दाढी झाली, मग म्हनलं केस काप. तरी लागंना. मग म्हनलं, सगळंच काढ." आबांनी डोक्यावरून हात फिरवला. "पन लागली. दोन येळा लागली."

"आत्या काय म्हणते त्यात?"

आबा खाली बघत म्हणाले, "म्हनते, 'तुझ्या मालकाला सांग, मी अजून हाय.' बस, एवढंच. मग ती पुडी."

मी खाटेखालची ट्रंक ओढली. मूळ प्रत सिनेमावाल्यांकडेच राहिली होती, पण कच्ची वही होती आणि पुण्याहून परत आलेली दुरुस्त प्रत होती. आबा शेजारी बसून बघत होते आणि मी पानामागून पान उलटत होतो. गोवर सापडला, किडलेला वासा सापडला, निसर्गवर्णन तर पदोपदी सापडलं. हे वाक्य कच्च्या वहीत नव्हतं. पक्क्या प्रतीतही लिहिल्याचं आठवत नव्हतं. दुरुस्त प्रतीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

"सापडलं?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग येवढी पानं कशानं भरलीस रे?"

मी वही मिटली आणि म्हटलं, "बाकीच्यानं."